बाजारपेठेची गावं: एक वाढतं, शेजारचं ओसरतं, असं का होतं?

तागडी

महाराष्ट्रातल्या लहान बाजारगावांसाठी हा धागा काढतोय. वस्ती दहा हजार ते पन्नास हजार, भोवती चाळीस-पन्नास खेडी, आठवडी बाजार, बाजार समिती, एखादी जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) किंवा डाळमिल, एसटी स्टँड, अशी गावं. एकाच पिकाच्या पट्ट्यात पंधरा-वीस किलोमीटरवर अशी दोन गावं असतात. पन्नास वर्षांत एक चहूबाजूंनी वाढतं आणि दुसऱ्याच्या जुन्या पेठेत भर दुपारी निम्म्या दुकानांच्या फळ्या लावलेल्या दिसतात. ‘तिकडून रस्ता गेला’ किंवा ‘त्यांना पुढारी मिळाला’ ही नेहमीची उत्तरं मला अपुरी वाटतात.

माझं मत असं, की जिथे माल थांबतो तिथे गाव जगतं. माल थांबायची कारणं मोजकीच आहेत: वाहन बदलायचं असतं, वजन करायचं असतं, निवडायचा-भरायचा असतो, साठवायचा असतो, त्यावर प्रक्रिया करायची असते, किंवा त्याचे पैसे व्हायचे असतात. प्रत्येक थांब्यावर हमाल, मापाडी, बारदानवाला, खानावळ, सुतळी-ताडपत्रीचं दुकान, लोहार, बँक पोसली जाते. थांबा उठला की शिवारात माल पूर्वीइतकाच पिकत असला तरी गाव उतरणीला लागतं.

ठळक उदाहरण बेलापूरचं. प्रवरेकाठचं बेलापूर ही जुनी पेठ. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे झाली ती गावापासून काही किलोमीटर दूर. बैलगाडीतून माल उतरवून रेल्वेच्या वाघिणीत (मालडब्यात) भरायचं काम स्टेशनाशी होऊ लागलं, तिथे वखारी झाल्या, साखरेचा व्यवसाय आला आणि स्टेशनाभोवती श्रीरामपूर उभं राहिलं. स्टेशनाचं नाव आजही बेलापूरच आहे, पण तालुका, बाजार समिती आणि गर्दी श्रीरामपुरात.

प्रश्न दोन. आज मालाचे कोणते थांबे उरलेत? आणि जे उठले त्यांच्या जागी गावात काय येतंय? ज्यांना आपापल्या भागातली बाजारपेठ नीट माहीत आहे त्यांनी लिहावं.

गोदेकाठचा

चांगला विषय. कांद्यावरून सांगतो, म्हणजे थांबा नेमका कुठे असतो ते कळेल.

लासलगाव मनमाड-नाशिक लोहमार्गावर आहे, पिंपळगाव बसवंत मुंबई-आग्रा महामार्गावर. कांदा वाघिणींनी जायचा तेव्हा लासलगावला स्टेशनाचा मोठा आधार होता. ट्रकचा जमाना आला तसा पिंपळगावला महामार्गाचा फायदा मिळाला. तरी लासलगाव पडलं नाही, कारण कांद्याचा खरा थांबा स्टेशनावर नव्हताच. तो व्यापाऱ्यांच्या खळ्यावर (माल उतरवून निवडायच्या आवारात) होता.

क्रम असा असतो. ट्रॉल्या, पिकअप आवारात रांगेनं लागतात. समितीचा माणूस आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनाशी जातो, वरचा माल उकरून पाहतात, बोली होते, चिठ्ठी मिळते. मग भरलं वाहन काट्यावर, तिथून खळ्यावर. माल ओतताना खाली खराब निघाला तर तिथेच वाद होतो आणि भाव तुटतो. रिकाम्या वाहनाचं वजन, हिशोबपट्टी, पैसे. इथे शेतकऱ्याचं काम संपतं, पण गावाचं सुरू होतं. खळ्यावर बायका माल निवडतात, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी, खाद (खराब माल) वेगळी, मग गोणी भरणं, शिवणं, ट्रक भरणं. एका ट्रॉलीमागे लिलावाला दोन-तीन मिनिटं लागतात, खळ्यावर मात्र डझनभर माणसांचं काम असतं. म्हणून गाव कुठे सरकतंय हे पाहायचं असेल तर नवी खळी कोणत्या रस्त्याला होतायत ते पाहावं. आवाराच्या कमानीवरून काही कळत नाही.

कोपऱ्यातला वाचक

वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). धागाकर्त्यानं नाव ‘तागडी’ घेतलंय, तेव्हा निदान इथे तरी वजनात मार नसावा :)

वऱ्हाडपांढरी

कापसाच्या गावांबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला. भुसावळ-नागपूर लोहमार्ग खामगावच्या उत्तरेनं जलंबवरून गेला. खामगाव तेव्हा एवढी मोठी कापूसपेठ होती, की तिच्यासाठी १८७० मध्ये जलंबहून सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ, मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद मार्गाच्या गाड्याही कापसासाठीच झाल्या. नियमन केलेली देशातली पहिली बाजारपेठ कारंजा (१८८६) मानतात, तीही कापसाचीच. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस-धान्य बाजाराचा कायदा त्यानंतरचा.

आता थांब्याचा हिशोब. एक क्विंटल कपाशीतून साधारण ३४ किलो रुई (सरकी काढलेला कापूस) निघते, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. म्हणजे गावात आलेल्या मालाचं दोन-तृतीयांश वजन सरकी होऊन पुन्हा गावातच फिरतं: तेलघाणी, पेंड, जनावरांचे ठाणे. कापसाचं गाव श्रीमंत दिसायचं ते रुईइतकंच सरकीनं. जिनिंगवाल्यानं सरकी परस्पर बाहेरच्या तेल कारखान्याला विकायला सुरुवात केली की गावातल्या घाण्या बंद पडतात. रुईचा व्यापार चालू असल्यामुळे ही गळती बाहेरून दिसत नाही.

दुसरा घाव एकाधिकार खरेदी योजनेचा. कायदा १९७१ चा, अंमल १९७२ च्या हंगामापासून. शेतकऱ्याला हमीभाव मिळावा हा हेतू योग्य होता. पण कापसाचा खाजगी व्यापार बंद झाल्यानं अडत्यांच्या पेढ्या, दलाल, सराफी उचल देणारे यांचं काम गेलं. जिनिंगवाले पणन महासंघाचा (सरकारतर्फे खरेदी करणाऱ्या संस्थेचा) कापूस मजुरीवर काढून देऊ लागले. २००२ नंतर खाजगी खरेदी पुन्हा खुली झाली, पण तीस वर्षांत जुन्या पेढ्यांच्या पुढच्या पिढ्या नागपूर-मुंबईला गेल्या होत्या. उठलेला व्यापार परवान्यानं परत येत नाही. त्याला भांडवल आणि ओळखीपाळखी लागतात.

स्वाती

@वऱ्हाडपांढरी, उत्तम प्रतिसाद. एक शंका. कापसाच्या बहुतेक गावांत भर वस्तीत जुन्या जिनिंगची आवारं आहेत, विटांची चिमणी, मोठं पटांगण. त्यांची मंगल कार्यालयं नाहीतर प्लॉट झालेत. व्यापार पुन्हा खुला झाला तेव्हा तीच आवारं का वापरली नाहीत?

वऱ्हाडपांढरी

स्वातीताई, दोन कारणं. २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, त्यात आधुनिकीकरणाला अनुदान होतं. जुन्या जिनमध्ये कापूस माणसं टोपल्यांनी वाहायची, त्यात माती, पालापाचोळा, पोत्याचे धागे मिसळायचे. नव्या पद्धतीत कापूस पाइपातून हवेनं ओढला जातो, आधी सफाई यंत्र, मग जिन, मग रुई थेट प्रेसला. त्यासाठी कापूस उतरवायला सिमेंटचे ओटे, आगीच्या भीतीनं गंजींमध्ये मोकळी जागा, अग्निशमनाची टाकी, ट्रक वळायला अंगण, असं सगळं लागतं. वस्तीतल्या आवारात ते बसत नाही. दुसरं कारण सरळ पैशाचं. भर पेठेतल्या जागेला प्लॉट म्हणून जो भाव येतो त्यात महामार्गाला जागा घेऊन नवा जिन उभा राहतो.

परिणाम असा, की जिन गावाच्या हद्दीबाहेर चार-पाच किलोमीटरवर गेला. रुई तिथूनच ट्रकमध्ये भरते. हमाल तिथेच जेवतो. जुन्या पेठेला त्यातलं काही मिळत नाही.

मोंढाकर

तागडीराव, तुमच्या मांडणीशी मी अर्धाच सहमत आहे. मराठवाड्यातल्या मोंढ्यात (धान्याच्या घाऊक बाजारात) माल थांबतो हे खरं, पण शेतकरी कोणत्या मोंढ्यावर जातो हे ठरतं पैशावर. शेजारच्या दोन समित्यांत भाव क्विंटलला पन्नास रुपयांनी कमी-जास्त असला तरी लोक तो सोडून देतात. ते पाहतात तीन गोष्टी.

पहिली, चुकती. रोख लगेच, की पंधरा दिवसांपुढच्या तारखेचा धनादेश? दुसरी, कडता. ओलावा, माती, बारदान यांच्या नावाखाली क्विंटलमागे एक-दोन किलो कापायची प्रथा काही ठिकाणी मुरलेली आहे. ५० क्विंटल सोयाबीनमागे क्विंटलला १ किलो म्हणजे अर्धा क्विंटल गेला. बाजार समितीची फी शेकडा ७५ पैसे ते १ रुपया एवढीच असते आणि ती खरेदीदारानं द्यायची असते. कडता फीपेक्षा जड पडतो आणि तो पट्टीत दिसतही नाही. तिसरी, उचल. पेरणीला बियाणं-खत उधार देणारा अडत्या ज्या गावात, माल त्या गावात. त्यात शेतकरी बांधला जातो हे खरं, पण बँक वेळेवर कर्ज देत नाही तोवर ही साखळी सुटणार नाही.

एखाद्या मोंढ्यात एक मोठा खरेदीदार पैसे बुडवून पसार झाला की पुढची दहा वर्षं त्या मोंढ्याचं नाव खराब राहतं. मी ज्या दोन-तीन समित्यांची उतरण जवळून पाहिली तिथे रस्त्याचा संबंध नव्हता. थकलेली चुकती हेच कारण होतं. समितीनं खरेदीदाराकडून त्याच्या रोजच्या खरेदीच्या मानानं बँक हमी घ्यायला हवी. ती वर्षानुवर्षं जुन्याच लहान रकमेवर राहते आणि दरम्यान त्याची खरेदी कितीतरी पट वाढलेली असते.

आणि वऱ्हाडपांढरींच्या मुद्द्याला जोडून पिकाबद्दल. कापूस तीन-चार वेचण्यांत येतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वेचणीची मजुरी आठवड्याला हातात पडते आणि आठवडी बाजारात खर्च होते. सोयाबीन एकदाच निघतं, यंत्रावर मळतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळ्यांचं एकदम मोंढ्यात येतं. आवारात तीन दिवस रांग, ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून भावात तोड, आणि महिन्याभरात सगळं शांत. कापसानं गावाला चार महिने काम दिलं, सोयाबीननं एक महिना. पीक बदललं तशी बाजाराची चालच बदलली.

गोदेकाठचा

चुकतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कांद्यातही हेच.

माणदेशी

आठवडी बाजाराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

लगतच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी असतात ते फिरत्या व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी. कापडवाला, भांडीवाला, मसालेवाला सोमवारी इथे, मंगळवारी पुढच्या गावी, असा सहा गावांचा फेरा आणि एक दिवस माल भरायला. बैलगाडीनं सकाळी निघून संध्याकाळी घरी परतायचं तर बाजार दहा-बारा किलोमीटरच्या आत हवा. एसटी आणि मग दुचाकी आल्यावर ती मर्यादा तीस-चाळीस किलोमीटर झाली, आणि मधले लहान बाजार गळाले. १९३३ मध्ये वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञानं हेच मांडलं होतं: वस्तू जितकी क्वचित लागणारी, तितकं तिचं दुकान मोठ्या गावात आणि लांब. मीठ-मिरची जवळ मिळते, सोनं लांब.

बाजार मरायचं अजून एक कारण पूर्ण स्थानिक असतं. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत बाजारवसुलीचा वर्षाचा ठेका लिलावानं देते. बोली चढत जाते, ठेकेदार ती भरून काढायला पाथारीमागे जास्त पावती फाडतो. भाजी विकणारी बाई दोन पाट्या घेऊन आलेली असते, तिचा दिवसाचा नफा त्यात जातो. ती पुढच्या बाजाराला जाते, तिच्यामागे गिऱ्हाईक जातं. वसुलीचे दर फलकावर लावून पावतीवर छापणं हा साधा उपाय आहे. दुसरी चूक म्हणजे कोंडी होते म्हणून बाजारतळ गावाबाहेर हलवायचा आणि तिथे सावली, पाणी, शौचालय काही द्यायचं नाही. पुरुष कसेबसे बसतात, बायका बसत नाहीत.

जनावरांच्या बाजाराची गोष्ट वेगळी. घोडेगाव, लोणी, सांगोला ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. ट्रॅक्टरनं बैलांची गरज कमी केलीच होती. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर म्हाताऱ्या बैलाची किंमत संपली, आणि तो विकून थोडी भर घालून नवी जोडी घ्यायची साखळी तुटली. २०२२ मध्ये जनावरांच्या लम्पी रोगामुळे बाजार बंद राहिले तेव्हा दावी, झुली, घुंगरमाळा, नाल-खुरपी करणाऱ्यांची किती घरं त्यावर होती ते दिसलं.

खाडीकिनारा

कोकणातून एक वेगळा थांबा. आमच्याकडे बाजारगाव बसलं ते भरती जिथवर पोचते तिथे. गलबत खाडीतून वर येऊन थांबायचं, पुढे घाट बैलांनी चढायचा. वाशिष्ठीच्या खाडीत गोवळकोट आणि मागे कुंभार्ली घाट, म्हणून चिपळूण. सावित्रीवर महाड. राजापुरात तर सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती.

खाडी गाळानं भरली, मोठी जहाजं येईनाशी झाली, तसं राजापूरचं महत्त्व ओसरलं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण राजापूर रोड स्टेशन शहरापासून बरंच आत. चिपळूणला स्टेशन जवळ आणि महामार्गही. दोन्ही गावं जुनी, दोन्ही खाडीवरची, तरी एकाला नवा थांबा मिळाला आणि दुसऱ्याला नाही.

मात्र भरतीच्या टोकावर बसलेल्या पेठेला पुराचा धोका जन्मापासूनच. डोंगरात पाऊस आणि त्याच वेळी भरती, की पाणी बाजारातच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड दोन्ही बुडाली. अशा पेठेत घाऊक साठा तळमजल्यावर ठेवणं परवडत नाही. माळा, विमा, उंचावर दुसरं गोदाम, हा खर्च कायमचा होतो. घाऊक व्यापारी वर सरकला की खाली फक्त किरकोळ दुकानं उरतात.

दस्तलेखक

सगळे मालाबद्दल लिहिताहेत. पण गेल्या पंचवीस वर्षांत वाढलेली कितीतरी गावं कचेऱ्यांवर वाढलीत. जून १९९९ मध्ये मराठवाड्यात अनेक नवे तालुके झाले. तालुका झाला की तहसील, पंचायत समिती, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, कालांतरानं न्यायालय. त्यांच्यामागे मुद्रांक विक्रेते, वकील, झेरॉक्स, हॉटेलं. शेजारचं जुनं बाजारगाव तालुका झालं नाही तर लोक कामाला नव्या तालुक्याला जातात आणि तिथेच किराणा भरून परततात.

पण या भरभराटीला मर्यादा आहे. कचेरीची गर्दी कामकाजाच्या दिवसांची आणि कामकाजाच्या वेळेची. साहेब लोक जिल्ह्याच्या ठिकाणी राहतात, त्यांचा पगार तिथेच खर्च होतो. शिवाय १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, त्यामुळे एका उताऱ्यासाठी होणारा फेरा वाचला. लोकांची सोय झाली, ते चांगलंच. पण त्या फेऱ्यावर चालणारी चहाची टपरी बसली.

आणखी एक. २०१४ च्या सुमारास राज्यानं ग्रामपंचायत असलेल्या तालुका-गावांना नगरपंचायत करायचं ठरवलं. दर्जा वाढला, पण रोजगार हमीची केंद्रीय योजना ग्रामीण भागापुरती असल्यानं तिथल्या शेतमजुरांचं ते काम गेलं. विकास आराखडा, बांधकाम परवानगी, कर या गोष्टी आल्या. त्या सांभाळायला अभियंता आणि मुख्याधिकारी पूर्णवेळ मिळाला तर गाव सुधारतं. एकाच अधिकाऱ्याकडे दोन गावांचा कार्यभार असेल तर दोन्हीकडचे नकाशे टेबलावर पडून राहतात.

पंचगंगा

उसाच्या पट्ट्यात तागडी यांचा सिद्धांत उलट बाजूनं सिद्ध होतो. ऊस बाजारात येतच नाही. टोळी तोडते, ट्रॅक्टर थेट कारखान्याच्या काट्यावर, बिल थेट बँक खात्यात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. यात अडत नाही, लिलाव नाही, गोदाम नाही. म्हणून कारखान्याजवळची नवी वसाहत वाढते आणि जुनी धान्यपेठ आक्रसते. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाल्यापासून हा नमुना राज्यभर दिसतो.

गावाला उसाचा पैसा मिळतो तो खर्चातून: दुचाकी, ट्रॅक्टर, सोनं, बांधकाम. म्हणून ऊसपट्ट्यातल्या गावात हार्डवेअर आणि सराफ जास्त, आणि बिल थकलं की दोघांची उधारी एकदम वाढते. याच पैशाचा एक मोठा हिस्सा बीडकडच्या बाजारगावांत खर्च होतो. तोडणी कामगारांना हंगामाआधी मुकादमाकडून उचल मिळते, तिच्यावर तिकडचे बाजार दसऱ्याच्या आधी भरतात. पीक एका जिल्ह्यात आणि बाजार तीनशे किलोमीटरवर, असं फार थोड्या पिकांत होतं.

आणि नियोजनानं बाजारगाव वसतं का, असा प्रश्न कुणी विचारला तर जयसिंगपूर दाखवा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलं. कोल्हापूर-मिरज लोहमार्गाला लागून, काटकोनातले रुंद रस्ते. गूळ, शेंगा, तंबाखूची पेठ झाली. गाड्या वळायला जागा आधीच सोडलेली असल्यानं ट्रकच्या काळातही पेठ जागेवर टिकली. इतर गावांत चाळीस फुटी ट्रक बोळात शिरत नाही म्हणून घाऊक व्यापार बाहेर जातो.

बेदाणा

साठवणीबद्दल तासगाव पाहा. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलि डिपिंग ऑइल, त्यात घड बुडवून शेडमधल्या जाळीवर दोनेक आठवडे सावलीत. हे सगळं रानात होतं, गावाचा त्यात वाटा नाही. पण बेदाणा उघड्यावर काळा पडतो. हिरवा रंग टिकवायचा तर शीतगृह हवं. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिलचा माल खोक्यांत भरून तासगाव-सांगलीच्या शीतगृहांत वर्षभर राहतो आणि थोडा थोडा सौद्याला निघतो. माल तिथे आहे म्हणून खरेदीदार तिथे येतो, म्हणून सोलापूर, विजापूरकडचा मालही तिथे येतो. शीतगृहाच्या पावतीवर बँक कर्ज देते, त्यामुळे शेतकऱ्याला घाईनं विकावं लागत नाही.

उलट उदाहरण हळदीचं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीतली पेवं (साठवणीचे खोल खड्डे) होती, त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं. गोदामं झाली, सांगलीचा सौदा मोठाच आहे. पण साठवण गोदामात आली की ती कुठेही बांधता येते. हळदीचं क्षेत्र हिंगोली-वसमतकडे वाढलं, आणि तिथे बाजारही उभा राहिला.

तागडी

सगळ्यांचे आभार. मोंढाकर, चुकतीचा मुद्दा मी कमी लेखला होता, तो पहिल्या क्रमांकावर घ्यायला हवा. बेदाणा यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला.

साठवणीबद्दल एक भर. कांदाचाळ गावात नसते, शेतात असते. उन्हाळ कांदा एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत शेतकरी स्वतःच ठेवतो. त्यामुळे विकायची वेळ ठरवणं थोडं त्याच्या हातात आलं आणि आवक सहा महिन्यांवर पसरली. गावालाही ते बरं, कारण खळ्यावरचं काम हंगामी न राहता लांबलं. सगळी साठवण पेठेतच असावी असं नाही.

गोदेकाठचा

बरोबर. पण एकाच पिकावरच्या गावाचा धोकाही लिहा. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी आली आणि ४ मे २०२४ पर्यंत राहिली. त्या काळात केवळ कांदेवाला अडचणीत नव्हता. कापड दुकान, मोटारसायकलची शोरूम, लग्नाचा मंडप, सगळ्यांची विक्री त्याच भावाला बांधलेली असते. पिंपळगावला कांद्याबरोबर टोमॅटो आणि द्राक्ष आहेत, त्यामुळे एक पडलं तर दुसरं असतं.

खाडीकिनारा

समृद्धी महामार्गामुळे वाटेवरच्या गावांचं काय होईल? नागपूर-शिर्डी ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ ला खुला झाला, जून २०२५ ला पूर्ण ७०१.

वऱ्हाडपांढरी

तो प्रवेशनियंत्रित रस्ता आहे, चढायला-उतरायला ठरलेल्या जागाच. जुन्या राज्यमार्गावरच्या गावात ट्रक जेवायला थांबायचा, पंक्चर काढायचा, ते समृद्धीवर होत नाही. फायदा होईल तो उतरण्याच्या जागेपासून पाच-सात किलोमीटरच्या आतल्या गावाला, आणि तोही तिथे गोदाम, शीतगृह, जिन असं काही असेल तरच. नाहीतर माल शेतातून थेट मुंबईला जाईल.

मोंढाकर

गावाचं रूप बदलण्याबद्दल. लातूर आता लहान नाही, पण १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे तिथवर आली तेव्हा बाजारगावच होतं. त्याआधी, १८९७ पासून, रेल्वेचं टोक बार्शीला होतं आणि बालाघाटचा माल तिथे उतरायचा. टोक पुढे सरकलं तसा मालही. आज लातूरचं नाव डाळीइतकंच शिकवणी वर्गांमुळे आहे. मोंढ्याच्या पैशातून शाळा-कॉलेजं झाली, आणि आता खोल्या, मेस, अभ्यासिका हाच मोठा धंदा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा कळलं की या धंद्याला आधी पाणी लागतं.

लहान गावांत याचीच छोटी आवृत्ती दिसते. जुन्या अडत दुकानाच्या वर अभ्यासिका, खाली औषधाचं दुकान, शेजारी दवाखाना. आवक कमी होऊनही गर्दी कायम. पण शिकवणी आणि दवाखाना यांत पैसा खेड्यातून गावात येतो आणि पुढे शहरात जातो. मालाच्या व्यापारात बाहेरचा पैसा गावात यायचा. हा फरक मला मोठा वाटतो.

स्वाती

मोंढाकरांचं शेवटचं वाक्य अगदी पटलं. मग गाव खरंच सुधारतंय की नुसतं गजबजलंय, हे ओळखायचं कसं?

वखारी

स्वातीताई, यासाठी काही साधी मोजमापं आहेत.

पणन मंडळाच्या संकेतस्थळावर समितीनिहाय रोजची आवक आणि भाव मिळतात. मुख्य पिकाची दहा वर्षांची आवक महिनावार मांडा. एकूण आकड्यापेक्षा ती किती महिन्यांत पसरलीय ते पाहा. मग शेजारच्या समितीशी ताडून बघा. दोन्हीकडे घटली असेल तर पीक बदललंय किंवा थेट खरेदी वाढलीय. २०१६ च्या जुलैत फळं-भाजीपाला नियमनमुक्त (समितीबाहेर विकायला मोकळा) झाला, त्यानंतर समितीच्या आकड्यात न दिसणारा बराच माल आहे. केळी तर रावेर-सावद्याकडे बागेतूनच भरली जाते. एकीकडेच घटली असेल तर दोष गावात आहे.

त्यानंतर दुकानं मोजा, पण वर्गवारीनं. बेअरिंग-पट्टे, वेल्डिंग, ट्रॅक्टरचे सुटे भाग, बारदान, ताडपत्री ही दुकानं कामाचं गाव दाखवतात. मोबाइल, तयार कपडे, केक ही खर्चाचं गाव दाखवतात. दोन्ही हवीत, पण पहिली घटत असतील तर सावध. बाजाराचा वार सोडून इतर दिवशी सकाळी दहा वाजता स्टँडवर किती माणसं उतरतात तेही पाहा.

तारण कर्ज योजना समिती चालवते का ते विचारा. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजानं. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या गावात हिचा वापर होत असेल तर दिवाळीची रांग कमी होते आणि माल गावात थांबतो. बहुतेक ठिकाणी अडचण पैशाची नसते. गोदाम खताच्या पोत्यांनी भरलेलं असतं, नाहीतर प्रतवारी करून पावती देणारा माणूसच नसतो. ही दोन कामं समितीच्या हातातली आहेत.

जनगणनेचा आधार घेणार असाल तर जपून. वस्ती ५,०००, घनता चौरस किलोमीटरला ४०० आणि ७५ टक्के पुरुष कामगार बिगरशेतीत, अशी ‘जनगणना शहरा’ची व्याख्या आहे. शेती बुडून लोक रोजंदारीला लागले तरी गाव त्यात बसतं.

माणदेशी

वखारींच्या यादीत वजनकाटे घाला. गावाच्या चारही वाटांवर किती भुईकाटे आहेत आणि त्यांतल्या किती काट्यांवर वैधमापनचा (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) चालू वर्षाचा शिक्का आहे ते बघायचं. शिक्का नसेल तर मोंढाकरांनी सांगितलेला कडता तिथूनच सुरू होतो.

मोंढाकर

आणि शिक्का असला तरी रिकाम्या वाहनाचं वजन स्वतः उभं राहून बघावं. ट्रॉलीचं जुनं वजन वहीतून उतरवून घेतात, तिथे वीस-तीस किलो सहज जातात.

तागडी

दोन्ही मुद्दे यादीत घेतले. यादी तालुकावार भरायला कुणी तयार असेल तर आपलं गाव आणि शेजारचं गाव अशी जोडी इथेच लिहा. सुरुवात सोयाबीनच्या पट्ट्यातून करू, दिवाळीआधीची आवक सुरू व्हायच्या आत.